उचल का कमी पडते?

दिल्लीहून मथुरेच्या रस्त्याने दक्षिणेस निघाले म्हणजे फरिदाबाद लागते, आणि फरिदाबाद मागे पडते न पडते तोच बल्लभगड. फाळणीनंतर वायव्य सरहद्द प्रांतातून आलेल्या निर्वासितांसाठी १९४९ पासून जुन्या फरिदाबादेशेजारी जी नवी वसाहत उभी राहिली, ती पाहता पाहता यंत्रांची नगरी झाली. आयशरचा ट्रॅक्टर १९५९ साली येथेच प्रथम जुळवला गेला. एस्कॉर्ट्सच्या ट्रॅक्टरांचे घर हेच. आणि ज्या तीन इंग्रजी अक्षरांनी आज महाराष्ट्रातील खेड्यातले पोरही माती उकरणाऱ्या वाटेल त्या यंत्राला हाक मारते, त्या जेसीबीचा भारतातील कारखाना १९७९ साली बल्लभगडलाच निघाला. तेलाच्या दाबावर जड वस्तू उचलणारी यंत्रे घडवण्याची विद्या ज्या थोड्या ठिकाणी आपल्या देशात मुरली, त्यांत या पट्ट्याची गणना करावयास हरकत नाही.

तथापि कारखान्यातून नवे यंत्र बाहेर पडणे ही त्याच्या आयुष्याची केवळ सुरुवात. पुढची वीस-पंचवीस वर्षे ते कोणाच्या हाती राबते, कसे थकते आणि थकल्यावर त्याला कोण तपासते, ही गोष्ट कारखान्याच्या फाटकाबाहेरची आहे. एकाच सिलिंडरचे, हवेने थंड होणारे इंजिन असलेला पंचवीस अश्वशक्तीच्या आसपासचा जुना आयशर घ्यावा. आयशरचा ट्रॅक्टरांचा व्यवसाय २००५ साली चेन्नईच्या टॅफे कंपनीकडे गेला. परंतु त्या आधीचे हे छोटे ट्रॅक्टर एवढ्यावरून कामावरून निवृत्त झाले नाहीत. असल्या ट्रॅक्टराच्या पुढे दोन लोखंडी बाहू आणि त्यांच्या टोकाला बकेट बसवली म्हणजे झाला लोडर. गोशाळेतील शेण उचलावे, रोपवाटिकेत माती सारावी, वाळू-खडीच्या वखारीवर ट्रॉली भरून द्यावी, असे त्याचे काम. मोठे यंत्र परवडत नाही किंवा मोठ्या यंत्राला वळायला जागा नाही, तेथे याची गरज. नाशिकच्या किंवा सांगलीच्या द्राक्षबागाईतदारालाही छोट्या ट्रॅक्टराची किंमत वेगळी सांगावी लागणार नाही, आणि ‘हायड्रॉलिक उतरलं’ ही तक्रार त्याच्याही कानाला अपरिचित नसेल.

असा लोडर भाड्याने देऊन प्रपंच चालवणारा बल्लभगडच्या बाजूचा एखादा मालक डोळ्यांसमोर आणावा. जानेवारीतील सकाळ. धुके अजून रस्त्यावर रेंगाळते आहे, पारा चार-पाच अंशांवर उतरलेला. मालकाने इंजिन चालू केले, दांडी ओढली, तर बाहू वर जाताना थरथरतात, मध्येच अडखळतात, आणि पंपाच्या बाजूने एक किनरा, कण्हल्यासारखा आवाज येतो. भरलेली बकेट गुडघ्याइतकी उचलली जाते आणि तेथेच थबकते. वखारीवाला घड्याळाकडे पाहतो. दिवसाचे भाडे बुडाले तर डिझेलचे पैसेही अंगावर येणार. अशा वेळी रस्त्याकडेच्या दुकानातील पहिला मिस्त्री न पाहताच सांगतो, ‘पंप गेला.’ दुसरा त्याहून शहाणा. तो म्हणतो, ‘पंप कशाला बदलता? रिलीफ व्हॉल्व्हमध्ये दोन शिम घालून देतो, पाच मिनिटांचे काम.’ पहिल्याचे ऐकावे तर खिसा रिकामा होतो. दुसऱ्याचे ऐकावे तर प्रसंगी जिवावर बेतते. आणि दोघांनीही मूळ प्रश्न विचारलेलाच नसतो.

तो प्रश्न समजण्यासाठी थोडे मागे जावे लागेल. हायड्रॉलिक या शब्दाचा धाक उगाच वाटतो. कोंडलेल्या द्रवावर एके ठिकाणी दिलेला दाब सर्व दिशांना सारखाच पोहोचतो, हे तत्त्व ब्लेझ पास्कल या फ्रेंच पंडिताने सतराव्या शतकात सांगून ठेवले. लहान दट्ट्यावर बेताचे बळ लावून मोठ्या दट्ट्याकडून प्रचंड काम करून घेता येते ते यामुळेच. १७९५ साली इंग्लंडात जोसेफ ब्रामा याने या तत्त्वावर चालणाऱ्या दाबयंत्राचे पेटंट घेतले. ब्रामाची खरी अडचण तत्त्वाची नव्हती, गळतीची होती. दाब वाढवावा तो दट्ट्याच्या कडेने पाणी निसटे. कडेला गच्च बांधावे तर दट्ट्या हलेना. अखेर चामड्याची, वाटीच्या काठासारखी वळवलेली एक कडी बसवण्यात आली. आतला दाब वाढला की या कडीचे ओठ आपोआप अधिक घट्ट बिलगत आणि दाब उतरला की सैल पडत. ही युक्ती ब्रामाच्या कारखान्यातील हेन्री मॉड्स्ले या तरुण कारागिराची, असे मानले जाते. आज चामडे जाऊन रबर आणि प्लास्टिक आले आहे. पण ज्याला बाजारात नुसते ‘सील’ म्हणतात त्याच्या अंगी गुण आहे तो त्या चामडी ओठांचाच. पुढे १९२६ साली आयर्लंडच्या हॅरी फर्ग्युसनने ट्रॅक्टर आणि नांगर यांना तेलाच्या दाबावर चालणाऱ्या उचलीने जोडण्याचे पेटंट मिळवले, आणि तेव्हापासून शेतातल्या ट्रॅक्टराच्या पाठीला जणू हात फुटले. लोडरचे बाहू हे त्या हातांचे पुढच्या अंगाला असलेले भावंड.

इंजिन पंप फिरवते. पंप टाकीतील तेल ओढून व्हॉल्व्हकडे ढकलतो. चालक दांडी हलवतो तसे ते तेल एका किंवा दुसऱ्या नळीने सिलिंडरात शिरते आणि दट्ट्याला पुढे लोटते. दाब मर्यादेबाहेर गेला तर रिलीफ व्हॉल्व्ह उघडतो आणि जास्तीचे तेल टाकीत परत सोडतो. प्रेशर कुकरच्या शिटीचे जे काम, तेच येथे त्या व्हॉल्व्हचे. एवढाच सारा संसार आहे.

येथे दोन गोष्टींची गल्लत होऊ देता कामा नये. पंप देतो तो तेलाचा प्रवाह. दाब निर्माण होतो तो त्या प्रवाहाला झालेल्या विरोधामुळे. बाहू किती वेगाने वर जातील हे प्रवाहावर ठरते, आणि किती वजन उचलतील हे दाबावर. ‘सावकाश उचलतो’ आणि ‘उचलतच नाही’ ही दोन वेगवेगळ्या रोगांची लक्षणे आहेत. मालक बहुधा दोन्हींना ‘कमजोर’ या एकाच शब्दाने संबोधतो आणि निदानाला तेथेच फाटा फुटतो.

थोडा हिशेब मांडून पाहण्यासारखा आहे. लोडरच्या दोन उचल-सिलिंडरांचा आतील व्यास ५० मिलिमीटर धरावा. प्रत्येक दट्ट्याचे क्षेत्रफळ सुमारे १९.६ चौरस सेंटिमीटर भरते. दर चौरस सेंटिमीटरला १५० किलो दाब असेल तर एक दट्ट्या सुमारे २,९४५ किलो आणि दोन मिळून ५,८९० किलो बळ लावतील. सिलिंडर बाहूच्या बुडाजवळ जोडलेले असतात आणि वजन असते बाहूच्या टोकाला, त्यामुळे बकेटीपाशी या बळाचा, समजा, सहावा हिस्सा पोहोचतो: सुमारे ९८० किलो. त्यातून बाहू आणि रिकामी बकेट यांचेच ३०० किलो वजा करावेत. माल उचलण्यासाठी उरले ६८०. आता दाब १५० वरून १०० वर आला असे समजावे. बकेटीपाशी पोहोचणारे बळ ६५४ किलोंवर येते. बाहू-बकेटीचे ३०० मात्र तसेच कायम. उरले केवळ ३५४. दाब एक तृतीयांशाने घटला आणि मालाची उचल जवळजवळ निम्मी झाली! काल वाळू उचलणारा लोडर आज एकाएकी मान टाकतो, त्याचे रहस्य पुष्कळदा या वजाबाकीत असते.

आणि कधी कधी यंत्र अगदी ठणठणीत असते. वाढलेला असतो तो भार. पाव घनमीटरची बकेट कोरड्या वाळूने भरली तर ४०० किलोंच्या आसपास वजन होते. तीच वाळू पावसाने भिजली की पावणेपाचशेच्या घरात जाते. गोशाळेतील शेण-काडीची भर त्या मानाने बरीच हलकी. वर कोणी वेल्डिंगवाल्याकडून बकेटीच्या काठाला पत्रा जोडून ती ‘मोठी’ करून घेतलेली असते, आणि ही शस्त्रक्रिया मालक मिस्त्रीला सांगायला सोयीस्करपणे विसरतो. म्हणून अनुभवी माणूस यंत्राकडे वळण्यापूर्वी बकेटीत काय आहे ते पाहतो.

आपल्या मालकाच्या नशिबाने त्याला तिसरा मिस्त्री भेटला असे समजावे. वयस्क, कमी बोलणारा. मालकाने त्याला म्हटले, ‘उस्तादजी, लोक म्हणतात पंप गेला.’ उस्तादाने पाना हाती घेतला नाही. त्याने विचारले, ‘चौधरीसाहेब, त्रास कोणत्या वेळी होतो?’

चौधरी जरा चक्रावला. मग आठवून म्हणाला, ‘सकाळी. अर्धापाऊण तास चालला की बरा होतो.’

हाच तो मूळ प्रश्न. दिल्लीच्या हवेत तेलाची परीक्षा आपोआप होत असते. जानेवारीच्या पहाटे तेल गोठल्यासारखे जड होते, तर मे महिन्यात पारा ४५ अंशांकडे सरकतो तेव्हा तेच तेल पाण्यासारखे पातळ. जड तेल गाळणीतून आणि ओढ-नळीतून पंपापर्यंत लवकर येत नाही. पंप उपाशी राहतो, त्याच्या तोंडाशी पोकळी निर्माण होते आणि तो कण्हू लागतो. पातळ तेलाचा स्वभाव उलट. ते पंपापर्यंत सहज येते, पण झिजलेल्या दातांच्या, सैल पडलेल्या व्हॉल्व्हच्या किंवा कापलेल्या सीलच्या फटींतून तितक्याच सहज मागे निसटते. सकाळी आजारी आणि दुपारी बरे असणारे यंत्र ओढीच्या बाजूचा दोष सांगते. सकाळी तरतरीत आणि दुपारी मलूल होणारे यंत्र आतल्या झिजेकडे बोट दाखवते. पुण्यामुंबईच्या सौम्य हवेत हा फरक इतका ठळक दिसत नाही; दिल्लीच्या टोकाच्या ऋतूंनी मिस्त्रीला हे एक साधन फुकट दिले आहे.

उस्तादाने मग तेल पाहिले. अशा कित्येक ट्रॅक्टरांत गिअरपेटी हीच हायड्रॉलिकची टाकीही असते. लोडरचे सिलिंडर नंतर जोडले म्हणजे त्यांत मावेल तेवढे तेल टाकीतून कमी होते, हे ध्यानात न घेता जुन्याच खुणेपर्यंत तेल ठेवले तर बाहू वर असताना टाकीतील पातळी खाली जाते आणि ओढ-नळीचे तोंड उघडे पडू लागते. येथे पातळी ठीक होती. पण तेलावर फेस होता. फेस म्हणजे हवा. तेल दुधासारखे पांढुरके झाले असते तर त्यात पाणी शिरल्याची शंका आली असती. तिचा निकाल तापलेल्या तव्यावर दोन थेंब टाकून लावतात. तेलात पाणी असेल तर ते तडतडते. अर्थात हा प्रयोग तोंड दूर ठेवून करावा, आणि घरच्या तव्यावर करू नये, हे गृहिणींच्या वतीने सांगितलेले बरे.

हवा कोठून शिरते हे शोधणे मात्र नाजूक काम. दाबाच्या बाजूची नळी फाटली तर तेल बाहेर पडते आणि डाग दिसतो. पंपाच्या ओढीच्या बाजूला, यंत्र चालू असताना, बाहेरच्या हवेपेक्षा कमी दाब असतो. तेथे फट पडली तर तेल बाहेर येण्याऐवजी हवा आत जाते. डाग नाही, थेंब नाही, सारे कोरडे आणि स्वच्छ. म्हणूनच ही फट नजरेला फसवते. उस्तादाने ओढ-नळीच्या प्रत्येक जोडावर घट्ट ग्रीस लिंपायला सुरुवात केली. तिसऱ्या जोडावर ग्रीस लागताच पंपाचे कण्हणे क्षणभर थांबले. नळीचे रबर वर्षानुवर्षांच्या उन्हाने लाकडासारखे कडक झाले होते आणि पट्टी आवळूनही ती जोडाला चिकटत नव्हती. गाळणी काढली तर तिच्या जाळीवर लोखंडाच्या बारीक भुकटीचा आणि गाळाचा काळा लेप. नवी नळी, दोन पट्ट्या, धुतलेली गाळणी आणि ट्रॅक्टर कंपनीने सांगितलेल्या जातीचे नवे तेल: जानेवारीचे दुखणे एवढ्यावर मिटले. पंपाला कोणी हात लावला नाही.

जाता जाता उस्तादाने एक काम केले, ते सहज वाटले तरी फार मोलाचे होते. इंजिन ठराविक वेगावर ठेवून रिकामे बाहू जमिनीपासून माथ्यापर्यंत जायला किती वेळ लागतो तो मोजला. पंप मिनिटाला २० लिटर तेल देत असेल आणि दोन्ही सिलिंडरांत मिळून दीड लिटरहून थोडे जास्त तेल मावत असेल, तर पावणेपाच सेकंद लागावेत. पाच लागले. नंतर बकेट भरून तेच केले, साडेपाच. रिकामे आणि भरलेले यांत एवढा थोडा फरक असणे हे आतली गळती अजून फारशी नसल्याचे चिन्ह. दोन्ही वेळा सारखाच उशीर झाला असता तर प्रवाह कमी येतो असे म्हणावे लागले असते. रिकामे भराभर आणि भरलेले मात्र रखडत गेले असते तर भाराखाली तेल कोठेतरी मागे निसटते असे. कान उघडे असतील तर याच वेळी इंजिनही साक्ष देते. भार उचलताना इंजिनचा आवाज जड झाला तर दाब तयार होतो आहे. बकेट हलत नाही आणि इंजिनला मात्र काही जाणवतच नाही, असे झाले तर तेल वाट चुकवून टाकीत परतते आहे हे समजावे. उलट, दांडी ओढताच इंजिनच बंद पडू लागले तर हायड्रॉलिकला दोष देण्याआधी डिझेल आणि हवेच्या फिल्टरकडे पाहावे.

मे महिना आला. आंधीची धूळ उडू लागली, आणि चौधरी पुन्हा दारात हजर. ‘उस्तादजी, आता उलटे झाले. सकाळी चांगला चालतो आणि दुपारी शेण उचलतो पण वाळू उचलत नाही.’

या वेळी उस्तादाने प्रथम मागच्या उचलीला नांगर लावून पाहिले. मागची उचल आणि पुढचा लोडर यांना एकच पंप तेल पुरवतो. मागची बाजू जोमदार आणि फक्त पुढची दुबळी असती तर दोष लोडरचा व्हॉल्व्ह, त्याचे जोड किंवा सिलिंडर यांत शोधावा लागला असता. झटकन लावता-काढता येणारा नळीचा जोड पुरता न बसणे हे त्यातले अगदी नेहमीचे कारण. बाहू दुबळे पण बकेट उलथणे जोरदार असते तर शोध आणखी आखडला असता. येथे दोन्ही बाजू सारख्याच मलूल होत्या. म्हणजे दोष सामाईक: पंप किंवा रिलीफ व्हॉल्व्ह.

मग त्याने दाबमापक काढला. आश्चर्य वाटेल, पण हायड्रॉलिक दुरुस्त करणाऱ्या किती दुकानांत हे घड्याळाएवढे साधन आढळत नाही! ताप न मोजता औषध देणारा वैद्य आणि दाब न मोजता पंप बदलणारा मिस्त्री यांत फार अंतर नाही. इंजिन बंद करून, बाहू जमिनीवर टेकवून, दांडी दोन्हीकडे हलवून नळ्यांतील कोंडलेला दाब त्याने आधी मोकळा केला आणि मगच जोड सैल करून मापक बसवला. सिलिंडर टोकाला नेऊन दांडी तीन-चार सेकंदच ओढून धरायची. अधिक धरली तर सारी शक्ती उष्णता होऊन तेल तापवते. सकाळी थंड तेलावर काटा १५० वर गेला. दुपारी, दोन तास काम झाल्यावर, १०० च्या आसपास लटकू लागला.

दुसऱ्या दुकानातील त्या शिमवाल्याची आठवण येथे व्हावी. शिम म्हणजे स्प्रिंगखाली ठेवावयाची पातळ चकती. ती घातली की स्प्रिंग जास्त आवळली जाते आणि रिलीफ व्हॉल्व्ह अधिक दाबाला उघडतो. स्प्रिंग खरोखर थकलेली असेल तर दाबमापक लावून, कंपनीने ठरवलेल्या आकड्यापर्यंत आणि त्यापुढे रेसभरही नाही, असे करणे योग्यच. परंतु मापकाशिवाय शिम घालणे म्हणजे कुकरची शिटी तारेने बांधणे. या यंत्रात तर सकाळचा दाब पूर्ण येत होता, म्हणजे स्प्रिंग शाबूत होती. शिम घातल्या असत्या तर दुपारचे दुखणे तसेच राहिले असते आणि सकाळी थंड तेलावर दाब मर्यादा ओलांडून गेला असता. तेव्हा जुनी नळी फुटली असती, किंवा पंपाचे कवच तडकले असते, किंवा काहीच न फुटता बकेटीने झेपेल त्याहून जड ओझे उचलले असते आणि मागे पुरेसे वजन नसलेल्या या छोट्या ट्रॅक्टराची मागची चाके जमिनीवरून सुटली असती. चालक बसतो तो त्याच चाकांच्या मध्ये.

उस्तादाने रिलीफ व्हॉल्व्ह उघडून स्वच्छ केला, कारण बसकीवर अडकलेला एखादा कणही दाब खाऊन टाकतो. बसकी गुळगुळीत निघाली. दुपारचा काटा जागचा हलला नाही. आता मात्र पंपाकडे बोट गेले. खोलल्यावर दिसले की गिअरांच्या बाजूच्या पट्ट्यांवर बारीक चरे उमटले आहेत आणि कवचाला ओढीच्या अंगाने गिअरांनी घासून खड्डा पाडला आहे. जानेवारीत गाळणी तुंबलेली असताना आणि हवा शिरत असताना पंप जितके दिवस कण्हत राबला, तितके दिवस ही झीज होत होती. म्हणजे पहिल्या मिस्त्रीचे भाकीत अखेर खरे ठरले, असे कोणी म्हणेल. खरे ठरले, पण नळी न बदलता जानेवारीत नवा पंप बसवला असता तर तोही त्याच हवेने खाल्ला असता आणि मे महिन्यात चौधरीने दुसरा नवा पंप विकत घेतला असता.

बाहू आपोआप खाली येण्याच्या तक्रारीबद्दल दोन शब्द येथेच सांगणे इष्ट, कारण या ठिकाणी चांगले चांगले कारागीर चुकतात. बकेट वर धरून इंजिन बंद केले आणि ती हळूहळू खाली बसू लागली की ‘सिलिंडरचे सील गेले’ म्हणून सिलिंडर खोलले जातात. परंतु सिलिंडराचा दांडा आत शिरायचा तर त्याच्या आकारमानाइतके तेल सिलिंडराबाहेर गेलेच पाहिजे. दट्ट्याच्या एका बाजूचे तेल सील ओलांडून दुसऱ्या बाजूला गेले तरी दांड्याला लागणारी जागा त्याने मोकळी होत नाही. बाहेर गळती दिसत नसेल तर ते तेल जाते बहुधा व्हॉल्व्हच्या झिजलेल्या दांडीच्या कडेने. नवे सील घालूनही बकेट बसतच राहते, आणि सिलिंडर खोलण्याची मजुरी व्यर्थ जाते.

बकेट किती बसते ते पाहण्यासाठी कोणी तिच्याखाली वाकू नये, हे निराळे सांगण्याचे कारण नसावे. पण सांगावे लागते. वर उचललेला बाहू तेलाच्या एका नळीच्या आधाराने उभा असतो. त्याच्याखाली काम करायचेच असेल तर त्यासाठी घडवलेला लोखंडी टेकू सिलिंडराच्या दांड्यावर चढवावा; विटांची चळत किंवा लाकडाचा ओंडका हा टेकू नव्हे. दुसरा धोका याहून कपटी आहे. दाबाच्या नळीला सुईच्या अग्राएवढे भोक पडले तर त्यातून निघणारी तेलाची धार डोळ्यांना दिसतही नाही, आणि ती शोधण्यासाठी नळीवरून हात फिरवला तर कातडी भेदून तेल थेट आत शिरते. वर दिसतो तो काटा रुतल्यासारखा एक ठिपका. दुखत नाही म्हणून माणूस घरी जातो. आत मात्र तेल मांस सडवू लागते, आणि काही तासांत शस्त्रक्रिया झाली नाही तर बोट, प्रसंगी हात गमावण्याची पाळी येते. अशा माणसाला मलमपट्टी करून बसवू नये. तडक मोठ्या रुग्णालयात न्यावे आणि तेथे ‘दाबाखालचे तेल शिरले आहे’ हे शब्द स्पष्ट सांगावेत. गळती शोधायची तर नळीजवळून पुठ्ठ्याचा तुकडा फिरवावा, तोही लांब काठीला बांधून. पुठ्ठ्यावर तेलाचा डाग उमटतो, तेवढे पुरे.

चौधरीच्या ट्रॅक्टरावर नवा पंप चढला. चढवण्यापूर्वी उस्तादाने त्यात स्वच्छ तेल ओतून तो हाताने फिरवला, कारण कोरडा पंप पहिल्या मिनिटातच स्वतःला ओरबाडून घेतो. गाळणी पुन्हा काढून धुतली, जुन्या पंपाच्या धातूचा चुरा टाकीत राहू नये म्हणून सगळे तेल बदलले, आणि बाहू दहा-बारा वेळा रिकामेच खालीवर करून नळ्यांतील हवा बाहेर काढली. दुपारी तीन वाजता, ऊन माथ्यावर असताना, मापकाचा काटा १४५ वर स्थिरावला. उस्ताद म्हणाला, ‘रिलीफला हात लावू नका. जुन्या बाहूंना एवढे पुरे आहे.’ मग त्याने ब्रश घेतला आणि ट्रॅक्टराच्या मडगार्डच्या आतल्या बाजूला, जेथे पाऊस पोहोचत नाही अशा जागी, पांढऱ्या रंगाने तारीख लिहिली. तिच्याखाली तीन आकडे: रिकामे पावणेपाच सेकंद, भरलेले सव्वापाच, दाब १४५.